बेचाळीस मोजे

हिंगण्याच्या शेडमध्ये होडी उभी होती
लाकडी घोड्यांवर, समुद्रापासून आठशे किलोमीटर आत,
आणि पराते मला सांगत होते,
"मिस्त्री, रमची जागा आधी कर. देवाची नंतर."

मी पाणी पाहिलेलं फुटाळ्याचं,
तेही काठावरून, कणीस खात.
पराते नौदलात एकवीस वर्षं भांडाराचे हिशेब ठेवून आलेले.
बाप पाचपावलीत हातमागावर बसायचा;
शीड त्यांनी स्वतः शिवलं, टाके मोजून.

तर रम.
कामठीच्या कँटीनमधून, महिन्याच्या कोट्यात,
चार-चार बाटल्या
स्कूटरच्या डिकीत, टॉवेलात गुंडाळून.
एवढी कोण पिणार, मी विचारलं.
"प्यायला कोण नेतं?
अनोळखी बंदरात इंजिन बसलं
की मेकॅनिक नोटेकडे पाहत नाही, बाटलीकडे पाहतो.
मासेवाला होडी बाजूला लावतो,
सुरमई वर फेकतो आणि हात पुढे करतो.
त्या हातावर काय ठेवशील?"
स्वतः त्यांनी अकरा वर्षांत थेंब घेतला नव्हता.
का, ते मी विचारलं नाही.

खण केला तळाशी, दोन फासळ्यांच्या मधे,
जिथं होडी कमीत कमी झुलते.
बाटली उभी राहिली पाहिजे, होडी कलली तरी.
मी आंब्याची फळी सुचवली. ते नुसते हसले.
सागवान लागलं.

लेबलं टिकत नाहीत. तळात पाणी झिरपतं,
कागदाचा लगदा होतो, पंप चोंदतो.
म्हणून बादलीत भिजवून सगळी सोलली,
झाकणांवर ऑइल पेंटचे ठिपके दिले.
लाल, कामाच्या माणसांसाठी.
पांढरा, साहेब लोकांसाठी.
एकीवर काहीच नाही.
ती समुद्राची.

आणि काच काचेला लागता कामा नये.
रात्री किणकिण झाली तर माणूस झोपत नाही.
मग उठतो. मग उघडतो.
हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

इतवारीतून शाळेचे मोजे आणले, एकवीस जोड,
पांढरे, वर निळी पट्टी.
दुकानदार म्हणाला, कोणती शाळा, काका?
पराते म्हणाले, बोर्डिंग.

मे महिन्यात ट्रेलर आला.
पत्र्याखाली आम्ही दोघं शिजत होतो.
ट्रान्सपोर्टवाला धकाते शिडीनं चढला, आत वाकला,
एक मोजा दाबून पाहिला
आणि खाली येऊन तंबाखू मळत म्हणाला,
"काका, वर्धा कोरडा जिल्हा हाय ना बावा.
समृद्धीनं जा का अमरावती रोडनं, वर्धा लागतेच.
काटोलकडून हे धूड वळत नाही."

वादळात काय करायचं ते पराते मला वर्षभर सांगत होते.
वर्ध्याचं त्यांनी धरलंच नव्हतं.

मग एकेक बाटली वर आली.
त्यांनी मोजे काढले, घड्या घातल्या,
घड्या परत खणात लावल्या, निळी पट्टी वर.
"रम तिकडे मिळेल. हे माप मिळायचं नाही."
बाटल्या माझ्या टेबलाखाली गेल्या, रंध्याच्या पेटीशेजारी.
वहीत नोंद: बेचाळीस, मिस्त्रींकडे.
माझी सही घेतली.

आषाढ-श्रावण होडी तिकडे ताडपत्रीखाली होती.
नवरात्रात मालवणहून एक फोन आला.
वारा एवढा की अर्धं उडून गेलं.
"...खण कोरडा आहे, मिस्त्री. एकदम कोरडा..."
मी म्हटलं, हो.

आता शेडमध्ये भुसा आहे आणि रिकामे घोडे.
रात्री सळयांचे ट्रक जातात एमआयडीसीकडे.
जमीन थरथरते
आणि टेबलाखाली सुरू होते ती किणकिण.
पहिल्या रात्री मी उठलो.
दिवा लावला. मोजल्या. बेचाळीस.
बिनठिपक्याची, ओळीच्या टोकाला,
बाकीच्या थांबल्यावरही जरा हलत होती.

सकाळी घरी येऊन पोरीचे जुने मोजे मागितले.
बायको म्हणाली, किती?
म्हटलं, असतील तेवढे दे.